गेमिंगसाठी घरी फायबर घ्यावं का? मुलगा म्हणतो स्पीड नाही, पिंग बघ

मोहोर | १८ मे, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी देवगडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगा अकरावीत आहे. आधी मोबाईलवर बीजीएमआय खेळायचा. आता ठाण्याच्या मावसभावाने त्याचा जुना कॉम्प्युटर दिलाय, त्यावर दोघं मिळून व्हॅलोरंट खेळतात. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. टॉवर खाडीच्या पलीकडे आहे आणि रेंज फक्त खळ्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, फणसाखाली धड येते.

या महिन्यात आमच्या वाडीपर्यंत विजेच्या खांबांवरून फायबरची वायर आली. महिना सातशे-आठशेच्या घरात खर्च आहे. मी स्पीड टेस्ट करून बघितली तर मोबाईलवर २८ एमबीपीएस दिसतात. म्हटलं, एवढ्यात चालत नाही का? तर म्हणाला, "आई, स्पीड भरपूर आहे गं, पिंग वाईट आहे." मी त्याला सांगितलं, तोंडी नको, वहीत लिहून दाखव. आठवडाभर दिवसातून दोनदा त्याने आकडे लिहिले. कालचे देते, मिलिसेकंदांत (सेकंदाचा हजारावा भाग):

सकाळी ७ वाजता: ४८, ५२, ४९, ६१
रात्री ९ वाजता: ७४, ३१०, ८८, ६४०, ९५, उत्तर नाही

माझे प्रश्न: तो म्हणतो ते खरं आहे का? फायबरने हे आकडे खरंच सुधारतात का? पावसात आणि लाईट गेल्यावर काय होतं? १०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा की ३०० चा?

एक विनंती. खेळायचे तास आम्ही घरात ठरवलेले आहेत आणि तो ते पाळतो. त्यामुळे त्यावर चर्चा नको, कृपया.

खाडीपलीकडे | १८ मे, रात्री ९:३४

मुलगा शंभर टक्के खरं बोलतोय. आणि वहीत आकडे लिहून आणणारा मुलगा असेल तर त्याला फायबर द्याच.

बांगडा_फ्राय | १८ मे, रात्री ९:५१

गो बाय, तुमचो झिल खराच सांगता. फायबर घेवा, पण पयली इन्व्हर्टर घेवा. आमच्या हयसर पाऊस लागलो की लाईट आधी जाता, नेट मागसून.

रात्रपाळी | १८ मे, रात्री ११:४०

मी संगमेश्वरजवळ घरून काम करतो, काम नेटवर्किंगचंच आहे. जरा सविस्तर लिहितो.

@मोहोर, दाभोळ-धोपावे फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. बोटीत एका वेळी किती गाड्या मावतात, तो झाला स्पीड. बोट पलीकडे जाऊन परत यायला किती वेळ लागतो, तो झाला पिंग. तुम्हाला एकच स्कूटर पलीकडे न्यायची असेल तर बोटीत दहा गाड्या मावतात की पन्नास, याने काय फरक पडणार? बोट कधी सुटते आणि कधी परत येते, एवढंच महत्त्वाचं.

गेमचा डेटा म्हणजे ही स्कूटर. "मी इथे उभा आहे, या दिशेने बघतोय, बटण दाबलं" एवढीच माहिती जाते-येते. तासाभराच्या खेळालाही डेटा फार थोडा लागतो. म्हणून २८ एमबीपीएस असूनही खेळता येत नाही.

आता तुमच्या मुलाच्या आकड्यांकडे बघा. सकाळचे ५० च्या आसपास आणि एकसारखे आहेत. यावर नीट खेळता येतं. रात्रीचे ७४ वरून ३१०, परत ८८, मग ६४०. या चढउताराला जिटर म्हणतात, आणि खरा त्रास त्याचाच. पिंग कायम ९० असेल तर हात त्या उशिराला सरावतो. पण कधी ७०, कधी ६०० असेल तर समोरचा भिंतीआड होता की बाहेर, हेच कळत नाही. आणि "उत्तर नाही" म्हणजे पॅकेट लॉस, स्कूटर धक्क्यावरच राहिली.

व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एक टिक. पिंग १५ असेल तर बटण दाबून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत दोनेक टिक जातात. ६४० असेल तर ऐंशीच्या वर. तेवढ्यात गोळी लागून माणूस पडलेलाही असतो.

रात्रीच असं का होतं? टॉवर एक, त्यावर सगळ्या वाड्यांचे मोबाईल. टॉवर प्रत्येकाला आळीपाळीने वेळ देतो. सिग्नल कमजोर असेल तर तेच पॅकेट दोनदा-तीनदा पाठवावं लागतं, तोवर तुमची पाळी मागे जाते. फायबरमध्ये हवेतला हा टप्पाच नाही.

एक_चाकरमानी | १९ मे, सकाळी ८:०५

फेरीबोटीचं उदाहरण वाचून धोपाव्याच्या धक्क्यावर उभा राहिल्यासारखं वाटलं. पुढे मासळीची गाडी असली की तो वास कोणत्या आकड्यात मोजायचा ते पण सांगा.

@मोहोर, घ्या फायबर. गणपतीत आम्ही कांदिवलीहून बारा जण येतो आणि बाराही जण त्या फणसाखाली उभे असतो.

कोकम | १९ मे, सकाळी १०:१५

धागाकर्तीने विनंती केली आहे तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकरावी-बारावी ही दोन वर्षं महत्त्वाची. घरात नेट वेगवान झालं की तास वाढतात, हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलंय. पैसे लावायच्या गेममध्ये त्याने चाळीस हजार घालवले. तेही घरात कुणाला पत्ता नसताना.

खाडीपलीकडे | १९ मे, सकाळी १०:४०

@कोकम, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पण तो प्रकार वेगळा, हा वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर आता केंद्राचा कायदाच आहे, २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. व्हॅलोरंटमध्ये पाच जणांचा संघ लागतो, आपसात बोलावं लागतं, नकाशे पाठ करावे लागतात.

कोकम | १९ मे, सकाळी ११:०२

फरक मान्य. तरी बिल आईच्या नावावर आणि राऊटरचा पासवर्ड आईकडे असावा, एवढं म्हणेन. थांबते.

मोहोर | १९ मे, दुपारी १:३०

@कोकम, रागावले नाही. पासवर्ड माझ्याकडेच राहील.
@रात्रपाळी, मी हे मुलाला वाचून दाखवलं. "जिटर" शब्द त्याने वहीच्या वरती लिहून घेतला.

तारवाला | १९ मे, रात्री १०:१२

मी रत्नागिरी जिल्ह्यात फायबरच्या जोडण्या करतो. चौदा वर्षं झाली, आधी केबल टीव्ही, आता हे. ताई, कंपनी कुठलीही घ्या, जोडणी नीट झाली की नाही ते तुम्ही स्वतः बघून घ्यायचं. काय बघायचं ते सांगतो.

खांबावरून घरात येते ती ड्रॉप वायर. आतली काच केसाएवढी बारीक असते. ती दारा-खिडकीच्या चौकटीत दाबली किंवा खिळ्याभोवती काटकोनात वळवली की उजेड बाहेर सांडतो. वळण हातातल्या बांगडीएवढं तरी गोल असू द्या. खूप वेळा पोरं घाईत असतात आणि कोपऱ्यात वायर मोडल्यासारखी दुमडून जातात. नेट चालतं, पण जेमतेम.

म्हणून जोडणी झाल्यावर त्यांना पावर मीटरचं, म्हणजे घरापर्यंत किती उजेड पोचतो त्याचं, रीडिंग दाखवायला सांगा. आकडा वजामध्ये येतो. वजा १८ ते वजा २३ असेल तर निर्धास्त. वजा २५ च्या पुढे गेला तर परत स्प्लाइस करायला, म्हणजे काचेचं टोक पुन्हा जोडायला लावा. वजा २७-२८ ला नेट टिकत नाही. आज चाललं तरी पहिल्या पावसात बंद पडेल.

घरातल्या डब्याला ओएनटी म्हणतात. त्यावर एलओएसचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे उजेडच येत नाही, वायर कुठेतरी तुटली. अशा वेळी राऊटर बंद-चालू करत बसू नका, सरळ फोन करा.

आमच्याकडे वायर तुटायची कारणं तीन. महामार्गाच्या आणि गटाराच्या कामाचा जेसीबी, पावसात पडणारी फांदी, आणि माकडं. माकडं वायरवर झोके घेतात. एकदा एका वाडीत आठवड्यात तीनदा तीच वायर जोडली. शेवटी खांब बदलून आंब्यापासून लांब नेली, तेव्हा थांबलं.

फणसपोळी | १९ मे, रात्री १०:३०

आमच्याकडे खारीने कुरतडली होती. वायर हातात घेतली तर दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

बांगडा_फ्राय | १९ मे, रात्री १०:४४

आमच्या वाडीत माकडांनी डिश टीव्हीची छत्रीच उलटी करून टाकल्यानी. मॅच चालू होती. आजोबा कोयतो घेवन भायर इले.

चिरेबंदी | २० मे, सकाळी ७:२०

सगळे वायरचं बोलतायत, पण खेळ बिघडतो तो घरातल्या शेवटच्या वीस फुटांत. माझं घर राजापूर तालुक्यात, आजोबांच्या वेळचं. भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाड. राऊटर पडवीत लावून गेले आणि माझी खोली माजघराच्या पलीकडे. मधे दोन भिंती. २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय कसाबसा यायचा, ५ गिगाहर्ट्झचा येतच नव्हता. चिरा पावसात पाणी धरतो, मग तर विचारूच नका.

पडवीत राऊटरजवळ बसून पिंग १३. माझ्या खोलीत वायफायवर १३ ते ९०, मधेच २००. फायबर घेऊनही मी महिनाभर कंपनीला दोष देत होतो. मग वीस मीटर कॅट-सिक्स केबल आणली, वाशांच्या वरून नेली, कॉम्प्युटरला थेट जोडली. १३, १३, १४, १३. दुसरं काहीही बदललं नाही.

@मोहोर, तुमचं घर चिऱ्याचं असेल तर केबलचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

सुरंगी | २० मे, सकाळी ९:४८

थोडा वेगळा अनुभव. आम्ही वेंगुर्ल्याला. वायर घरापर्यंत येत नव्हती म्हणून ५जीवर चालणारं घरगुती नेट घेतलं, छपरावर डबा बसवतात ते. मुलीला खेळायला पिंग ३०-४० मिळतो. सगळ्यांनाच फायबर लागतं असं नाही. पावसात मात्र नेट मंदावतं.

रात्रपाळी | २० मे, सकाळी १०:३०

@सुरंगी, ३०-४० उत्तम आहे. जिथे वायर पोचत नाही तिथे हाच चांगला मार्ग. टॉवर जवळ आणि मधे आडोसा नसेल तर छान चालतं. फक्त टॉवर वाटून घ्यायचा प्रश्न तिथेही येतो. गणपतीत रात्री नऊला मोजून सांगा.

पावसाबद्दल: आपल्याकडे ५जी मुख्यतः साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं. त्या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसं अडत नाही. अडवतात ती भिजलेली झाडं. डबा आणि टॉवर यांच्यामध्ये माड-आंबे असतील तर ओली पानं सिग्नल खातात. डबा जरा उंच किंवा बाजूला घेता आला तर बघा.

सुरंगी | २० मे, सकाळी १०:५५

मधे काजूची बाग आहे! आता कळलं. गडी बोलावून डबा दुसऱ्या टोकाला लावून घेते.

दर्यासारंग | २० मे, दुपारी ३:१५

दापोली तालुक्यातून लिहितोय. एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आमच्याकडेही त्याने वाडीच्या वाडी झोपवली. आमच्या बागेतल्या साठ माडांपैकी अकरा उभे राहिले. खांब पडले, लाईट महिनाभर नव्हती, मोबाईलचे टॉवर डिझेल संपल्यावर बंद. माझा भाऊ पुण्यात होता, त्याला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं. मी मोटरसायकलने घाट चढून रेंज मिळाली तिथून फोन केला तेव्हा.

फायबर त्याच खांबांवरून येते. खांब पडला की तीही पडते. म्हणून फायबर घेतलं तरी मोबाईलचं रिचार्ज बंद करू नका, आणि जमलं तर घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. खेळ दोन दिवस बंद राहिला तर काही बिघडत नाही. घरच्यांना निरोप जायला हवा.

मोहोर | २० मे, दुपारी ४:०२

@दर्यासारंग, वाचून अंगावर काटा आला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आम्ही पाच दिवस असेच होतो. सिम चालू ठेवणार.

एक_चाकरमानी | २० मे, रात्री ८:४०

दर्यासारंग, माड पुन्हा लावलेत का?

दर्यासारंग | २० मे, रात्री ९:०५

चाळीस लावले. सहा वर्षांचे होत आले. या वर्षी दोघांना पहिली पोय आली.

फणसपोळी | २० मे, रात्री १०:१८

मी स्वतः खेळतो म्हणून प्लॅनबद्दल लिहितो, तो प्रश्न तसाच राहिलाय. खेळायला १०० पुरतात. ३०० घेतल्याने पिंग कमी होत नाही. फरक पडतो तो डाऊनलोडला. ६० जीबीचा गेम उतरवायचा असेल तर ३० एमबीपीएसला साडेचार तास, १०० ला ऐंशी मिनिटं, ३०० ला सत्तावीस मिनिटं. आणि हे कागदावरचं गणित आहे, मोबाईलवर मधे दोनदा तुटतं आणि दिवसाचा डेटा कोटा संपतो तो वेगळाच. आम्ही एक गेम चार रात्रींत उतरवायचो.

दुसरं म्हणजे, घरात कुणी मोठं काही अपलोड करत असेल तर पिंग चढतो. माझी ताई लग्नाचे व्हिडिओ ड्राईव्हवर चढवत होती तेव्हा माझा पिंग १५ वरून १८०.

रात्रपाळी | २० मे, रात्री १०:५०

@फणसपोळी, अगदी बरोबर. त्याला बफरब्लोट म्हणतात. राऊटर सगळी पॅकेटं एका रांगेत उभी करतो, मोठ्या फाईलची रांग लागली की तुमचं छोटं पॅकेट तिच्या मागे अडकतं. राऊटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस असेल तर गेमच्या कॉम्प्युटरला प्राधान्य देता येतं. नसेल तर ताईला सांगायचं, व्हिडिओ झोपताना लावून ठेव.

माडबन | २१ मे, सकाळी ६:५०

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. पिंग किती कमी होऊ शकतो याला निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. ती मुलांना सांगावी असं वाटतं.

निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, काचेत सुमारे २ लाख. देवगड ते मुंबई वाटेने साडेचारशेएक किलोमीटर धरा. जाऊन-येऊन नऊशे, म्हणजे साडेचार मिलिसेकंद. या वाटेच्या काचेतून याच्याखाली कुठलीही कंपनी जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात वायर वळसे घेत जाते, मधली यंत्रं वेळ घेतात, म्हणून १२ ते २० दिसतं.

आता सिंगापूर. मुंबईहून सरळ रेषेत साधारण ३९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर लागणारच, आणि समुद्रातली केबल सरळ जात नाही म्हणून ६० च्या आसपास. त्यामुळे गेमने चुकून सिंगापूरचा सर्व्हर निवडला तर फायबर असूनही पिंग जास्त दिसेल. दोष वायरचा नसतो.

ही काच इतकी पारदर्शक होऊ शकते हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. त्या वेळच्या काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जायचा. दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हे त्यांनी ओळखलं. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज एक किलोमीटर काचेतून गेल्यावरही प्रकाशाचा ९५ टक्के भाग शिल्लक राहतो. खाडीचं पाणी इतकं नितळ असतं तर तळाचे कालवे काठावरून मोजता आले असते.

फणसपोळी | २१ मे, सकाळी ८:१०

सर, तुम्ही शिकवायला असता तर मी फिजिक्स सोडलं नसतं.
@मोहोर ताई, व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, २०२० पासून. सेटिंगमध्ये मुंबईच निवडा.

लांजेकर | २१ मे, सकाळी ११:२५

माझा प्रश्न थोडा अवांतर. घरी फायबर आहे, पिंग १६. पण मी माईनक्राफ्टचा सर्व्हर घरच्या कॉम्प्युटरवर लावला की मित्रांना जोडता येत नाही. पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे राऊटरमधून बाहेरच्यांना आत यायची वाट करून दिली, तरी नाही.

रात्रपाळी | २१ मे, सकाळी ११:५०

तुमच्याकडे बहुधा सीजीनॅट असावं. कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटते. टपाल वाडीच्या नावाने येतं, घर क्रमांक नाही, पोस्टमन कुणाच्या दारात टाकणार? दोन उपाय आहेत. महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन स्टॅटिक आयपी घ्या, किंवा तुम्हा सगळ्यांकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात पत्ता वाटून घ्यावा लागत नाही) चालू असेल तर त्यावरून जोडा. नुसता दुसऱ्यांच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला सीजीनॅट सहसा आडवं येत नाही.

बांगडा_फ्राय | २१ मे, दुपारी १२:१०

माझ्या इन्व्हर्टराचा काय झाला? कोणीच बोलणा नाय.

तारवाला | २१ मे, दुपारी १:०५

बांगडाभाऊ, तुमचं बरोबरच आहे. ओएनटी आणि राऊटरला वीज फार कमी लागते. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. घराला मोठा इन्व्हर्टर नसेल तर राऊटरचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारात मिळतो, तीन-चार तास ओढतो. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळतात ना बघा.

वीज कडाडते तेव्हाचं पण सांगतो. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लायनीतून मोडेम जळायचे, वळवाच्या एका पावसात आमच्याकडे दहा-बारा यायचे. काचेतून वीज येत नाही. पण काही ड्रॉप वायरींना आधाराला स्टीलची तार असते. ती बाहेरच हुकाला अडकवून संपवायची, घरात आणायची नाही. आणि राऊटरचा प्लग जुन्या सवयीने काढूनच ठेवा, कारण लाईटच्या लायनीतून झटका येतोच.

मोहोर | १४ जून, रात्री ९:४५

मंडळी, घेतलं. १०० चा प्लॅन. उशिरा लिहितेय, शाळा सुरू व्हायची गडबड होती.

जोडणीला दोन मुलगे आले. पाऊस आला म्हणून घाईत होते. वायर खिडकीच्या चौकटीतून आत घेतली आणि निघाले. मी म्हटलं, रीडिंग दाखवा. त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मीटर लावला तर वजा २६.४. मी सांगितलं, हे चालणार नाही, परत करा. मोठा मुलगा चांगला होता, त्याने वायर सोडवून वाशाखालून फिरवली, टोक पुन्हा जोडलं. वजा २०.८. तारवाला दादा, तुमचे उपकार.

स्टीलची तार बाहेर पडवीच्या खांबाला अडकवून घेतली. राऊटर माजघरात ठेवला, कॉम्प्युटरला केबल. घर चिऱ्याचंच आहे.

आता वही. मुलाने डावीकडे मे महिन्याचे आकडे आणि उजवीकडे जूनचे, असं पान केलंय. रात्री ९ चे देते:

मे: ७४, ३१०, ८८, ६४०, ९५, उत्तर नाही
जून: १७, १७, १८, १७, १७, १९

पहिल्या रात्री तो मावसभावाशी बोलत होता तेव्हा मी पोळ्या करत होते. एरवी दर दोन मिनिटांनी "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" चालायचं, फणसाखाली डास मारत. त्या रात्री आतल्या खोलीतून नुसता हसण्याचा आवाज. तास संपल्यावर स्वतः उठला आणि ताट घ्यायला आला. मी तव्यापाशी उभी होते, मला भरून आलं. ठाणे आणि आमची वाडी यांच्यातलं अंतर मला माझ्या लग्नापासून जाणवत आलंय.

माझाही फायदा झाला. शिक्षकांचं ऑनलाईन प्रशिक्षण पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, एकदाही न तुटता.

कोकम | १४ जून, रात्री १०:०५

मोहोर, मनापासून आनंद झाला. भाच्यालाही हा धागा वाचायला दिलाय. तो आता फुटबॉलचा गेम खेळतो, पैशांविना.

चिरेबंदी | १४ जून, रात्री १०:२०

केबल कुठून नेली? कौलं शाकारायच्या आधी नेली असेल तर बरं, नाहीतर गळतीचं पाणी तिच्यावरून उतरत सॉकेटपर्यंत येतं.

माडबन | १५ जून, सकाळी ६:३०

सतरा! साडेचारच्या मर्यादेला हे बरंच जवळ आहे. मुलाला सांगा, उरलेले बारा-तेरा मिलिसेकंद कुठे जातात ते शोध. ट्रेसरूट चालवून मधले टप्पे वहीत लिही.

मोहोर | ११ जुलै, रात्री ८:५५

@माडबन सर, त्याने शोधलं. पॅकेट नऊ टप्पे घेतं. पत्त्यांवरून त्याचा अंदाज आहे की ते घाट चढून पुण्यामार्गे मुंबईला जातं, सरळ किनाऱ्याने नाही. त्याने नकाशावर पेन्सिलने रेघ काढून भिंतीला लावलीय.

@चिरेबंदी, केबल वाशाला बांधून नेलीय, सॉकेटजवळ खाली एक झोळ सोडलाय म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. @बांगडा_फ्राय भाऊ, छोटा यूपीएस घेतला. आज दुपारी चारपासून लाईट नाही, तरी हे तुम्हाला त्यावरूनच लिहितेय. आता त्याच्या बॅटरीची एकच कांडी उरलीय. फोटो पाऊस थांबला की टाकते.

तारवाला | ११ जुलै, रात्री ९:०२

फोटोत ओएनटीचे दिवे दिसू द्या. आणि पडवीतल्या हुकाचाही एक काढा, वादळी वारा सुटलाय, तार सैल झालीय का बघतो.